नंदे, पहिला रकाना उजवीकडेच आहे

नंदे, तुझ्या तेरवीला प्रदीपसर दुसऱ्यांदा बुंदी मागून जेवले. वाढायला मीच होते. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, रुमालाने नीट पुसले आणि तुझ्या आईजवळ जाऊन मान तिरकी करून म्हणाले, "चुका सगळ्यांच्याच होतात, काकू. पण पोरगी गुणाची होती."

तुझ्या आईने मान डोलावली. तिला वाटलं, एवढा कंपनीचा मालक खामगावहून मोताळ्याला आला, पोरीबद्दल दोन बरे शब्द बोलला. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतायची राहून गेली, याची हळहळ मला अजून आहे.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायची रीत आहे. ते मला जमणार नाही. तुझ्या फोटोला हार घालून झाला. आता ज्याची चूक होती ती त्याच्या गळ्यात घालायची आहे, आणि ती घातली की नाही हे तुला सांगायचं आहे. तू ऐकताना "जाऊ दे वं शोभे" म्हणणार. म्हण. या वेळी मी ऐकणार नाही.

खामगावात, कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत आपण शेजारी शेजारी बसायचो. शाळांसाठी कॉम्प्युटरवरचे प्रोग्रॅम करायचं आपलं काम. हजेरी, गुण, निकाल. मी बीबी गावची, तू मोताळ्याची. पहिल्याच दिवशी मी "मला" म्हणाले तर तू हसलीस, "तुमच्या बीबीकडं 'मले' म्हनायले लाज वाटते काय वं?" मी रागावले. संध्याकाळी तू घरच्या वांग्यांची पिशवी माझ्या टेबलाखाली ठेवून गेलीस. तुझं भांडण आणि तुझी भाजी नेहमी एकाच दिवशी यायची.

मग तुझ्याच गावच्या उर्दू शाळेचं काम आलं. तिथल्या मुख्याध्यापिका नुसरत आपा यांना गुणांचा तक्ता उर्दूत हवा होता. सर म्हणाले, "सोपं आहे. शीर्षकं उर्दूत लिहा, सगळं उजवीकडे सरकवा, झालं." तू खुर्ची फिरवलीस. तुमच्या घराची मागची भिंत आणि त्या शाळेची भिंत एकच. लहानपणी त्या भिंतीवर बसून तू अलिफ-बे शिकलीस, शेंगा खात. ते तुला कुणी शिकवलं नव्हतं आणि तू शिकलीस म्हणून कुणी कौतुकही केलं नव्हतं.

"अक्षरं सरकवली म्हंजे तक्ता उर्दू होत नाई, सर," तू म्हणालीस. "वाचनारी उजवीकडून येते. पहिला रकाना तिच्या हाताशी पाह्यजे."

आणि तू बसलीस ते पंधरवडाभर उठली नाहीस म्हटलं तरी चालेल. मुलींच्या नावांचा रकाना उजव्या कडेला, खिळवलेला. तिथून डावीकडे एकेक विषय. वर-खाली सरकवायची पट्टी डाव्या कडेला, कारण उजवीकडे ठेवली तर ती नावांच्या अंगावर येते. टॅबची कळ दाबली की खूण डावीकडच्या घरात गेली पाहिजे. रकाना रुंद करायचा तर त्याची डावी कड ओढायची. आकडा मात्र उलटायचा नाही. अठ्ठ्याहत्तरातला सात उर्दूतही आठाच्या आधीच येतो. सगळं घर फिरवायचं आणि आतली आकड्यांची मांडणी जागची हलू द्यायची नाही, असं ते चिवट काम. मी विचारायचे, "एवढं कोण बघणार आहे?" तू म्हणायचीस, "बघनार कोनीच नाई. हात बघते."

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. शाळेला मराठीतही निकाल द्यावा लागतो. बटण दाबून भाषा मराठी केली, तर तक्त्याने पुन्हा डावीकडून सुरू व्हावं की नाही? मी म्हणत होते, व्हावं. भाषा जिकडून वाचायची तिकडून तक्ता. तू म्हणत होतीस, बाई तीच आहे, हात तोच आहे, तिने सकाळपासून उजवीकडून भरलंय, तिच्या हाताखालून जमीन काऊन ओढता? यावर आपण दोघी एक दिवस बोललो नाही. डबा मात्र एकत्र खाल्ला, एकमेकींकडे न बघता.

तू गेल्यावर मी माझं करून टाकलं. मराठी केली की तक्ता वळतो. वळवला आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, ये आता, भांड. दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तुझ्यासारखा केला. तुझं बरोबर होतं म्हणून नव्हे. जिंकून काही मजाच आली नाही म्हणून.

ते असो. मला त्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

गेल्या उन्हाळ्यात, निकालाच्या तोंडावर, तू भावाच्या सोयरिकीसाठी सुट्टीवर गेलीस. जाताना स्वच्छ सांगून गेलीस, तक्ता अजून अर्धा आहे, हात लावू नका, शाळेला देऊ नका. मी त्या दिवशी बुलढाण्याला दुसऱ्या शाळेत होते. सरांना तेवढ्यात शाळेत तक्ता पोचवून मोठेपणा मिरवायचा होता. ते तुझ्या खुर्चीवर बसले. तक्त्यात वरची शीर्षकांची ओळ वेगळी असते आणि खालचं अंग वेगळं. त्यांनी शीर्षकांची ओळ तेवढी फिरवली. नावांचा रकाना उचलून उजवीकडे ठेवला. खालचं अंग तसंच राहिलं. आकडे कुठूनही बघितले तरी आकडेच दिसतात, म्हणून त्यांना काही खटकलं नाही. "झालं की, उगाच महिनाभर घोळ घालत होती," असं म्हणून त्यांनी तक्ता देऊन टाकला. हे मला आपल्या ऑफिसातल्या बाकी दोघींनी सांगितलं, कारण हे वाक्य त्यांच्यासमोरच म्हटलं गेलं होतं.

शाळेत गुण भरायची रीत तुला माहीत आहे. एक बाई वाचते, दुसरी भरते. ओळ संपली की दोघी बेरीज ताडून बघतात. बेरीज जुळली की पुढची मुलगी. पडद्यावर 'उर्दू' लिहिलेलं त्याच्याखाली उर्दूचे गुण गेले, 'गणित' लिहिलेलं त्याच्याखाली गणिताचे. डोळ्यांना सगळं ठीक. पण आत तक्ता डावीकडूनच मोजत होता. कागदावर छापून आलं तेव्हा पहिल्या विषयाचे गुण शेवटच्याला, शेवटच्याचे पहिल्याला, आणि मधले इंग्रजी-गणित एकमेकांच्या घरात. बेरीज मात्र तीच. त्यामुळे एकाही बाईला शंका आली नाही आणि निकाल वाटला गेला.

शाहीन नावाची ती मुलगी गणितात वर्गात पहिली आणि इंग्रजीत कच्ची. तिच्या कागदावर ती गणितात नापास झाली. तिचे वडील रफिकभाई, मोटारपंप दुरुस्त करणारे, कागद घेऊन शाळेत आले. त्यांच्यामागे बाकीचे पालक आले. निकाल आठवड्यात सुधारला गेला, नवे कागद मिळाले, पण त्याआधी कुणाला तरी उभं करायला हवं होतं.

आणि प्रदीपसरांनी तुला उभं केलं. "तू मोताळ्याची आहेस, तुझं ऐकून घेतील." तू भरल्या वर्गात उभी राहून म्हणालीस, "माह्या हातून झालं." रफिकभाई तुला काय काय बोलले ते तू मला कधी सांगितलं नाहीस. नुसरत आपांनी सांगितलं. तू मान खाली घालून ऐकलंस, आणि मागच्या बाकावर बसून मालक मोबाइल बघत होते.

परत आलीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडले. "काऊन घेतलंस अंगावर?" तेवढी एक वेळ मी तुझ्या बोलीत ओरडले. तू पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "त्याची कंपनी बसली तं आपन चौघीबी बसू वं. माहं काय, मी गावचीच हाय. लोक इसरतात."

लोक विसरले नाहीत, नंदे. तुझी आई बाजारात भाजी घेऊन बसायची तर बाया मेथीची जुडी उलटीपालटी करताना म्हणायच्या, "तुहीच पोरगी नं, पोरीले नापास करनारी?" आईने तुला एकदाच विचारलं, खरं काय ते. तू तिलाही तेच सांगितलंस. आपल्या आईला! एवढं चोख खोटं तू आयुष्यात दुसरं बोलली नसशील. मग पावसाळाभर बसून तू तो तक्ता पुरा केलास, डोकं आणि धड दोन्ही, एकही घर चुकणार नाही असा. दिवाळी झाली आणि तुला ताप आला, अकोल्याला नेईपर्यंत तो डोक्यात गेला. तू गेलीस ती आईच्या लेखी चुकीची धनीण होऊन गेलीस. मला यातलं दुसरं काहीही गिळता येतं, हे येत नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. नुसरत आपांच्या शाळेत जिल्ह्यातल्या उर्दू शाळांचे मुख्याध्यापक जमणार आहेत. तुझा तक्ता चालवून दाखवायचा आहे. चालवणार मी, कारण तुझ्यामागे तो फक्त मला कळतो. "नंदाचं स्वप्न होतं, शोभा," सर म्हणाले. तुझी स्वप्नं त्यांना कधीपासून पडायला लागली?

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा वाईटच आलं. त्यांनी फिरवलेला तो जुना तक्ता अजून माझ्याकडे होता. तोच लावायचा. सगळ्यांसमोर सरांना म्हणायचं, तुम्हीच भरून दाखवा, आणि मग छापायला लावायचं. त्यांचा चेहरा कसा होईल ते बघत मी अर्धा दिवस सुखात घालवला. पण त्या खोलीतल्या मुख्याध्यापकांच्या शाळांत उद्या आणखी कुणाची तरी शाहीन असणार, आणि लोक म्हणणार, हा बघा त्या नंदाचा तक्ता, पुन्हा चुकला. तुझ्या तक्त्याला हात लावायचा तर आधी माझा हात मोडावा लागेल. मग मी सरांना सांगितलं, मी येते. पण त्याआधी तुम्ही मोताळ्याच्या बाजारात यायचं आणि नंदाच्या आईला खरं सांगायचं.

"मी फोन करतो ना काकूंना," ते म्हणाले.

"फोनवर नाही."

"बरं, घरी जाऊन भेटतो. शांतपणे."

"जिथे लोक तिला बोलले तिथे. बाजारात. नाहीतर तक्ता तुम्हीच चालवा, तुम्हाला येतोच."

मग त्यांनी विचारलं, मोताळ्याचा बाजार कोणत्या वारी असतो. मला तो प्रश्न फार आवडला.

बाजाराच्या दिवशी ते आले, तोच पांढरा सदरा, गाडी लांब लावून. तुझी आई गोणपाटावर बसली होती. पुढे वांगी, मेथी, आणि मी जिला कोथिंबीर म्हणायचे तो तुझा हिरवा सांबार. तू गेल्यावर ती पहिल्यांदाच बाजारात आली होती. मला बघून सरकली आणि म्हणाली, "बस माय." सरांना बघून उठायला लागली. मी म्हटलं, काकू, तुम्ही उठू नका.

सरांनी घसा साफ केला. "काकू, त्या निकालाच्या वेळी काही तांत्रिक कारणांमुळे थोडा गैरसमज झाला होता..."

"मराठीत सांगा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तक्ता दाखवून झाला की मला काम नसेल हे तिथेच ठरलं. मी बघत राहिले. मग ते म्हणाले, "तो तक्ता मी फिरवला होता, काकू. नंदाने नाही. ती त्या दिवशी कामावर नव्हतीच."

आई मेथीवर पाणी शिंपडत होती. हात थांबला.

"कोनत्या दिवशी?"

"तुमच्याकडे मुलाची सोयरीक होती त्या दिवशी."

"त्या दिवशी तं थे माह्यापाशी बसून पोळ्या लाटत होती." आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "मंग तिनं माफी काऊन मांगितली?"

"मी सांगितलं होतं तिला. मागायला."

मला वाटलं आई रडेल. सरांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी रुमाल काढला. माझं मन निवायला लागलं होतं. एवढंच मला हवं होतं, असं मी स्वतःला सांगत होते. आता ती दोन शब्द बोलेल, हे मान खाली घालून जातील, मी तुला येऊन सांगेन.

आईने शेजारचं रिकामं पोतं ओढलं, झटकलं आणि आपल्या बाजूला अंथरलं.

"बस," ती म्हणाली.

"नाही काकू, मला निघायचं..."

"बस म्हंते न. मले सांगून काय होते? मी तं माय हाय, मले सांगतलं नसतं तरी ते माहीच पोरगी होती. ज्यायनं तिले नाव ठुलं त्यायले सांग. जो येईन त्याले सांगजो. बजार उठेपर्यंत बस."

सर बसले, नंदे. वांग्यांच्या ढिगाशेजारी, पोत्यावर, पांढऱ्या सदऱ्यात. मी हे स्वप्नातसुद्धा मागितलं नसतं. आईने समोरच्या कांदेवालीला हाक मारली, "ओ शांतामाय, हिकडं ये. हा काय म्हंते आईक." शांतामायने ऐकलं. मग शांतामायची सून आली, तिने ऐकलं. एक मास्तर आले, त्यांनी ऐकलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं, कारण त्यांना शीर्षकांची ओळ म्हणजे काय ते कळलं नाही. सर बोटाने पोत्यावर रेघा ओढून समजावत होते. सुरुवातीला ते म्हणत होते, "माझ्याकडून अनवधानाने झालं." दुपारपर्यंत "मी केलं होतं" झालं. ऊन उतरलं तेव्हा ते मोताळ्याच्या माणसांसारखे म्हणत होते, "मीच केलं व्हतं, बाप्पा. त्या पोरीनं नाई." आई भाजी तोलत होती.

रफिकभाई शेवटी आले. कुणीतरी त्यांना जाऊन सांगितलं असणार, कारण हाताला अजून काळं वंगण होतं. सरांनी त्यांच्यासमोर तेच सांगितलं, मान वर न करता. रफिकभाई सरांना वळसा घालून पुढे गेले. आईसमोर उकिडवे बसले.

"माय, भरल्या वर्गात बोललो मी तिले. कायच्या काय बोललो."

"तू बाप होय. तुही पोरगी रडत होती, तू बोलला," आई म्हणाली. "तुहं काई नाई. जाय, पोरीले घिऊन जा थोडी मेथी."

त्यांनी जुडी घेतली, पण गेले नाहीत. तिथेच बसून राहिले, डोळे पुसायला गेले आणि वंगण गालाला लागलं. तेव्हा मात्र मला रडू आलं. इतके दिवस रागानेच धरून ठेवलं होतं मला. तू त्यांच्यासमोर उभी असशील तशी दिसलीस, खाली मान घातलेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला तुझा फार राग आला. आपलं नाव एवढं स्वस्त कुणी देऊन टाकतं का गं? आणि आपण चौघींनी त्या उन्हाळ्यात घरी आणलेला प्रत्येक घास तुझ्या नावावर आणला, हेही तेव्हाच आत कुठेतरी नीट बसलं.

बाजार उठला. बाया पोती झटकत होत्या. सर उठले, पायाला मुंग्या आल्यामुळे थोडे लंगडले. सदऱ्याच्या मागे मातीचा गोल उमटला होता. त्यांनी हात जोडले.

"काकू, आता झालं ना?"

आईने उरलेली वांगी टोपलीत भरली, वर ओलं फडकं घातलं. मग त्यांच्याकडे बघितलं, दिवसभरात पहिल्यांदाच नीट.

"आज कापूस येचाले गेलते लोक. अर्ध गाव आलंच नाई," ती म्हणाली. "पुढच्या बजारले येजो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी टोपलीला दुसऱ्या बाजूने हात लावला. नंदे, तू असतीस तर पहिल्याच गिऱ्हाइकानंतर त्याला सोडून दिलं असतंस. आता सोडायला तू नाहीस.